दोन पावत्या, दोन दर

दहावीच्या बीजगणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हे प्रकरण सगळ्यांत आधी येते. बीड जिल्ह्यापुरती तरी ही भाग्याचीच गोष्ट म्हणायची. जूनमध्ये शाळा भरते, पहिले प्रकरण पावसाळ्यातच शिकवून होते आणि दिवाळीच्या आगेमागे पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या भागांतल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीजवळ थांबतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. वर्गसमीकरणे आणि संभाव्यता यांपैकी पुढे कोणाच्या वाट्याला काय येईल ते सांगता येत नाही. एकसामयिक समीकरणे मात्र बहुतेकांच्या कानावरून गेलेली असतात. या पुस्तिकेसाठी हाच विषय निवडण्याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण असे की याच मुलांच्या घरी, एखाद्या पिशवीत, कारखान्याच्या पावत्यांच्या रूपाने हा विषय पडलेला असतो आणि त्या पावत्यांकडे बीजगणित म्हणून कोणी पाहत नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी कल्पिलेले आहेत, व्यवहारही थोडा सोपा केला आहे. खरे पाहता वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर ठरतात, वर मुकादमाचे कमिशन आणि उचलीची, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांची, वळती असते. ते सगळे तूर्त बाजूला ठेवू. गाडी सेंटरवर काम करणारा एक कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, आहे. त्यांना ऊस तोडण्याचे टनामागे काही रुपये मिळतात आणि बैलगाडीने तो कारखान्यावर पोचवण्याचे खेपेमागे काही रुपये मिळतात. पंधरवड्याच्या बिलावर फक्त एकूण रक्कम आहे. पहिल्या पंधरवड्यात २४ टन तोडणी, १२ खेपा, १०,८०० रुपये. दुसऱ्या पंधरवड्यात १८ टन, ९ खेपा, ८,१०० रुपये. तोडणीचा दर काय आणि खेपेचा काय?

तोडणीच्या दराला ‘त’ म्हणू आणि खेपेच्या दराला ‘ख’. (इथे पुष्कळ मुले घसरतात. त म्हणजे तोडणी नव्हे, टनही नव्हे. त म्हणजे एका टनामागे मिळणारे रुपये. अक्षर संख्येच्या जागी बसते, वस्तूच्या जागी नाही.) मग

२४त + १२ख = १०,८००
१८त + ९ख = ८,१००

दोन अज्ञात, दोन समीकरणे. वर्गात शिकवलेल्या रीतीने पहिल्याला ३ ने आणि दुसऱ्याला ४ ने गुणून वजाबाकी करावी. डावीकडे ७२त + ३६ख मधून ७२त + ३६ख गेले, उरले शून्य. उजवीकडे ३२,४०० मधून ३२,४०० गेले, उरले शून्य. हुशार मुलगा इथे वही पुसतो आणि पहिल्यापासून गणित करतो, कारण ‘शून्य बरोबर शून्य’ हे उत्तर त्याला चुकीचे वाटते. चूक कुठेच नाही. प्रत्येक खेपेला दोनच टन ऊस गेला असेल, तर खेपा टनांच्या बरोबर निम्म्या राहणार, आणि दुसरी पावती पहिलीचेच पाऊणपट बोलणे पुन्हा बोलणार. टनामागे तोडणी-वाहतूक मिळून ४५० रुपये पडले, एवढेच दोन्ही पावत्या मिळून सांगतात. त्यांतले तोडणीचे किती आणि वाहतुकीचे किती, हे असल्या पावत्यांची थप्पी जमवली तरी कळणार नाही. साक्षीदार दोन उभे केले, पण दुसऱ्याने पहिल्याचीच साक्ष पाठ करून आणली होती.

तिसऱ्या पंधरवड्यात एक बैल आजारी पडला. ऊस तोडला २० टन, पण बैलगाडीच्या खेपा झाल्या फक्त ४. बाकीचा ऊस ट्रॅक्टरने गेला. बिल ७,८०० रुपये. आता

२०त + ४ख = ७,८००

याला ४ ने भागले की ५त + ख = १,९५० आणि पहिल्या समीकरणाला १२ ने भागले की २त + ख = ९००. वजाबाकी केली, ३त = १,०५०. तोडणीचा दर ३५०, खेपेचा २००. ज्या पंधरवड्यात घरची घडी विस्कटली, त्याच पंधरवड्याने हिशेब उलगडला. गणिताच्या दृष्टीने यात नवल नाही: दोन्ही राशी एकाच प्रमाणात हलत राहिल्या तर त्यांना वेगळे करता येत नाही. एक हलली आणि दुसरी तशी हलली नाही, तरच त्या वेगळ्या होतात.

आता दुसऱ्या पावतीवर ८,१०० ऐवजी ७,६५० लिहिलेले असते तर? मग वजाबाकीनंतर डावीकडे शून्य आणि उजवीकडे १,८०० उरले असते. पुस्तकात अशा जागी ‘या समीकरणांना उकल नाही’ असे लिहून आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो. आलेखात त्या दोन समांतर रेषा असतात. फडावर मात्र त्याचा अर्थ असा की दर मध्येच बदलला आहे, किंवा कसली तरी कपात झाली आहे जी पावतीवर नाही, किंवा काट्यावर वजन कमी लागले आहे. यांपैकी नेमके काय, ते समीकरण सांगत नाही. विचारपूस करायला जागा आहे एवढे ते नक्की सांगते, आणि माझ्या मते या प्रकरणातले सर्वांत उपयोगी उत्तर हेच आहे. परीक्षेत त्याला एक गुण असतो.

इथे क्रेमरच्या निश्चयक पद्धतीविषयी दोन शब्द. मुलांना ती आवडते, कारण तिच्यात विचार करावा लागत नाही. शिक्षकांना आवडते, कारण तपासायला सोपी. गाब्रिएल क्रेमर या स्विस गणितज्ञाने १७५० साली ती आपल्या ग्रंथात दिली. मी तिच्याविषयी फारसा उत्साही नव्हतो आणि आजही दोन चलांसाठी लोप पद्धतीलाच पसंती देईन. पण निश्चयकाचा एक गुण मोठा आहे. उत्तर काढण्याआधीच तो पावत्यांची जात ओळखतो. पहिल्या दोन पावत्यांचा निश्चयक २४ × ९ − १२ × १८, म्हणजे २१६ − २१६, शून्य. पहिली आणि तिसरी घेतली तर २४ × ४ − १२ × २०, म्हणजे ९६ − २४०, उणे १४४. शून्य आला की दर वेगळे निघणार नाहीत, हे आधीच कळते.

शून्याच्या जवळपास आला तर काय होते, हे पाठ्यपुस्तकात येत नाही. ते इथे थोडे सविस्तर घेतो. समजा दुसऱ्या पंधरवड्यात १८ टनांना ९ ऐवजी १० खेपा झाल्या. दर तेच, म्हणून बिल ८,३०० व्हायला हवे. निश्चयक २४ × १० − १२ × १८ = २४. शून्य नाही, तेव्हा उत्तर निघेल. पण पावती लिहिताना तीस रुपयांची गफलत झाली आणि ८,२७० पडले. मग तोडणीचा दर निघतो ३६५ आणि खेपेचा १७०. तीस रुपयांच्या चुकीने एक दर १५ रुपयांनी चढला आणि दुसरा ३० रुपयांनी पडला. तेवढीच तीस रुपयांची चूक बैल आजारी असलेल्या पंधरवड्याच्या पावतीत झाली असती, ७,८०० चे ७,७७० झाले असते, तर दर निघाले असते ३४७ रुपये ५० पैसे आणि २०५. चूक तेवढीच, पण तिची झळ सहापटींनी कमी. आलेखात पाहिले तर पहिल्या जोडीच्या रेषा एकमेकींना जवळजवळ समांतर असतात, एक रेषा किंचित सरकली की छेदबिंदू लांब पळतो. संगणकावर हजारो अज्ञातांची समीकरणे सोडवणाऱ्या अभियंत्यांची खरी डोकेदुखी हीच असते. परळीच्या औष्णिक केंद्रातून निघालेली वीज कोणत्या वाहिनीतून किती जाईल हे ठरवणारी गणितेसुद्धा मुळात एकसामयिक समीकरणेच आहेत, फक्त अज्ञात पुष्कळ.

हा विषय आपल्याकडे बाहेरून आलेला नाही, आणि लांबूनही आलेला नाही. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. सिद्धान्तशिरोमणी त्यांनी छत्तिसाव्या वर्षी लिहिला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचे भाग. आपले गाव त्यांनी सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड असे सांगितले आहे. ते नेमके कोणते यावर अभ्यासकांचे एकमत नाही. विजापूर म्हणणारे आहेत, चाळीसगावजवळच्या पाटणचा परिसर म्हणणारे आहेत, आणि बीड म्हणणारेही आहेत. बीडकरांना हे तिसरे मत प्रिय असणार हे उघड आहे, पण त्यावर मी फार भार देणार नाही. पाटणच्या बाजूला निदान शिलालेख तरी आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव देवगिरीच्या यादव सिंघणाचा ज्योतिषी होता; आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ काढला आणि १२०७ साली त्याला देणगी मिळाल्याचे त्या लेखात कोरले आहे. त्याचा काही भाग चक्क जुन्या मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. बीजगणित शिकवायला कराच्या उत्पन्नातला वाटा सोडणारी ती राजवट होती. त्याच सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख आपल्या अंबाजोगाईत आहेत. तेव्हा जन्मगाव कुठलेही असो, भास्कराचार्यांचे बीजगणित ज्या राज्यात शिकवले जात होते त्या राज्यात अंबाजोगाई होती, आणि बीडला एवढे पुरायला हरकत नाही.

पुढचा धागा गोदावरीच्या काठाने जातो. माजलगावहून नदी ओलांडली की परभणी जिल्ह्यातली पाथरी लागते. जुने पार्थपूर ते हेच, असे शंकर बाळकृष्ण दीक्षितांपासून मानले जाते. तिथल्या ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास याने सोळाव्या शतकात भास्कराचार्यांच्या बीजगणितावर ‘सूर्यप्रकाश’ नावाची टीका लिहिली. त्यानंतर शतकभराने, १६३४-३५ च्या सुमारास, बीजगणिताचे फारसी भाषांतर झाले आणि शहाजहानला अर्पण केले गेले. भाषांतरकार अताउल्ला रशीदी, ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याच्या दारावर ज्या स्थपतीचे नाव आहे तो हाच अताउल्ला. सहलीला नेलेली मुले त्या दारातून आत जातात, पण ज्या प्रकरणाची धास्ती घेतलेली असते ते प्रकरण दार घडवणाऱ्याने फारसीत नेले होते, हे त्यांना कोणी सांगत नाही. याच फारसी प्रतीवरून १८१३ साली एडवर्ड स्ट्रेचीने इंग्रजी अवतार काढला आणि १८१७ मध्ये कोलब्रुकने मूळ संस्कृतावरून. निजामाच्या राज्यात, १९४८ पर्यंत, वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होते; आपल्या आजोबा-पणजोबांपैकी जे शिकले ते ‘जब्र-ओ-मुकाबला’ म्हणत हीच वजाबाकी करत.

भास्कराचार्यांच्या या ग्रंथात अनेकवर्णसमीकरण नावाचे प्रकरण आहे. पहिल्या अज्ञाताला ते यावत्तावत् म्हणतात आणि पुढच्यांना रंगांची नावे देतात: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना आद्याक्षरे, या, का, नी, पी. ज्ञात संख्येला रूप म्हणून रू. ऋण राशीच्या डोक्यावर टिंब. वर्ण म्हणजे रंग ही कल्पना त्यांची एकट्याची नाही, ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच ती वापरली होती. आज आपण करतो तीच लोप पद्धत तिथे आहे: एका वर्णाची किंमत प्रत्येक समीकरणातून काढायची, त्या किमती एकमेकींशी बरोबर मांडायच्या, तो वर्ण गेला, मग पुढचा.

पण मला त्या ग्रंथात जास्त मोलाचे वाटते ते पुढच्यासारखे उदाहरण. दोन मित्र आहेत. एक म्हणतो, तू मला शंभर दे, मग माझे धन तुझ्या दुप्पट होईल. दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे, मग मी तुझ्या सहापट होईन. दोघांजवळ किती? आपण लगेच दोन अक्षरे मांडतो. भास्कराचार्य एकातच भागवतात. शंभर दिल्यानंतर दुसऱ्याजवळ उरते ते ‘या’ धरा. मग पहिल्याजवळ तेव्हा २या. म्हणजे मुळात पहिल्याचे धन २या − १०० आणि दुसऱ्याचे या + १००. पहिली अट मांडणीतच भागून गेली. दुसरी अट: या + ११० हे २या − ११० च्या सहापट. ११या = ७७०, या = ७०. पहिल्याजवळ ४०, दुसऱ्याजवळ १७०. ताळा पाहा: १४० आणि ७०, मग ३० आणि १८०. अक्षर कशाला द्यायचे हे नीट निवडले की दोन समीकरणांचे एक होते. बीजगणित अक्षरांत नसते, बुद्धीत असते, असे भास्कराचार्यांनी बजावले आहे, ते हेच. आपल्याकडे मात्र ‘क्ष मानू, य मानू’ हे आधी आणि वाचणे नंतर. परीक्षेत प्रश्न नीट न वाचता चार ओळी पुढे गेलेली मुले दरवर्षी दिसतात, आणि चार पद्धती एकापाठोपाठ घोटून घेताना ‘काय मानू’ या ओळीवर आपण वर्गात अर्धा मिनिटसुद्धा थांबत नाही.

या पुस्तिकेतली उदाहरणे म्हणून संथ आहेत. त्यांत कापसाची वेचणी आणि सरकी आहे, सीताफळाचे क्रेट आहेत, शेळ्या-मेंढ्यांचा बाजार आहे, टँकरच्या खेपा आहेत, बचत गटाचे दोन व्याजदर आहेत. आगगाडीची उदाहरणे आधी अगदी थोडी ठेवली होती. परळीला रेल्वे निजामाच्या काळापासून आहे, पण जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बीड शहरात गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर तिथल्या मुलांनी कित्येक वर्षे समोरासमोर धावणाऱ्या दोन गाड्या कागदावरच सोडवल्या. आता थोडी वाढवली आहेत. काही उदाहरणांत मुद्दाम एक पावती फाजील आहे, काहींत एक कमी, काहींत दोन पावत्या एकमेकींशी भांडतात. कोणत्या उदाहरणात काय, ते वर लिहिलेले नाही. उत्तरे शेवटी दिलेली नाहीत, कारण या विषयात उत्तर स्वतःच तपासता येते. दोन्ही समीकरणांत किमती घालून पाहायच्या. शिक्षकांना विनंती एवढीच की मुलांनी घरच्या पावत्या आणल्या तर त्या वर्गात मोठ्याने वाचू नयेत. आकडे बदलून घ्यावेत. उचल कोणाची किती, हे गावात आधीच पुष्कळ बोलले जाते.

शेवटचे उदाहरण भास्कराचार्यांचेच आहे. चार व्यापारी. पहिल्याजवळ ५ घोडे, २ उंट, ८ खेचरे, ७ बैल. दुसऱ्याजवळ ३, ७, २, १. तिसऱ्याजवळ ६, ४, १, २. चौथ्याजवळ ८, १, ३, १. चौघांचे धन सारखे. एकेका जनावराची किंमत काय? अज्ञात चार आणि बरोबरीची विधाने तीनच. लोप करत गेले की घोडा जातो, उंट जातो आणि शेवटी उरते ते एवढेच: चार खेचरे बरोबर एकतीस बैल. यापुढे समीकरणे काही बोलत नाहीत. पूर्णांकांत सर्वांत लहान किमती घ्याव्यात म्हणून बैल ४, खेचर ३१. मग उंट ७६, घोडा ८५, आणि प्रत्येकाचे धन ८५३. दुप्पट केले तरी चालते, तिप्पटही. या उदाहरणाला मी एक शेपूट जोडले आहे. बाजारात पाचवा व्यापारी येतो, त्याची जनावरे तुम्हीच मनाला येतील तशी ठरवायची, आणि त्याचेही धन या चौघांइतकेच आहे असे मानायचे. चौथे विधान मिळाले, आता किमती पक्क्या ठरतील असे वाटते. करून पाहा. जवळजवळ प्रत्येक वेळी घोडा, उंट, खेचर आणि बैल या चौघांचीही किंमत शून्य निघेल. ती का निघते, आणि पाचव्याजवळ कोणती जनावरे असली तर निघणार नाही, हा शेवटचा प्रश्न आहे.